जगज्जेता, पण किती किलोंचा?

कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा चहा घेत वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे छाटलेत. सगळे छाटले तर ते माझं बोलणं राहणार नाही.

किकबॉक्सिंगवरच्या आधीच्या भागानंतर एका श्रोत्याचा निरोप आला. "दादा, तुम्ही पाऊण तासात पाच जणांना वर्ल्ड चॅम्पियन म्हणालात. त्यातला खरा कोण?" प्रश्न एकदम रास्त आहे. पाचही जण खरे, हे त्याचं छोटं उत्तर. मोठं उत्तर द्यायला हा अख्खा भाग लागणार आहे, कारण त्यात वजनकाटा येतो, पाणी येतं, पैसा येतो आणि एका एकवीस वर्षांच्या मुलाचा मृत्यूही येतो.

सुरुवात मालकीपासून करू. क्रिकेटला आयसीसी आहे, फुटबॉलला फिफा. व्यावसायिक किकबॉक्सिंगला असा एक मालक नाही. हौशी खेळाची वाको नावाची जागतिक संघटना आहे आणि तिला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यताही मिळाली. पण जिथे तिकीट विकलं जातं आणि लढणाऱ्याला पैसे मिळतात, तिथे प्रत्येकाचं दुकान वेगळं. २०१२ मध्ये सुरू झालेली ग्लोरी, जपानमधलं के-वन, जपानमधलीच राइज, सिंगापूरची वन चॅम्पियनशिप. शिवाय आयएसकेए, डब्ल्यूकेए यांच्यासारख्या पट्टे मान्य करणाऱ्या संस्था. प्रत्येकाचे नियम वेगळे, पट्टे वेगळे आणि वजनगटही वेगळे. म्हणूनच डॉन विल्सनच्या नावापुढे तुम्हाला 'अकरा जागतिक विजेतेपदं' असं दिसतं. हा 'ड्रॅगन' विल्सन पुढे हॉलिवूडच्या मारधाडीच्या सिनेमांत गेला. त्याची ती अकरा पदं तीन वजनगटांतली आणि अनेक संस्थांची मिळून आहेत. माणूस दमदारच होता, त्यात वाद नाही. फक्त अकरा म्हणजे अकरा वेगवेगळे डोंगर असं समजू नका. एकाच डोंगराचे नकाशे वेगवेगळ्या लोकांनी छापले होते, असंही त्यात थोडंफार आहे.

तर कुठल्या संघटनेचा, हा पहिला प्रश्न. आज मला जास्त बोलायचंय ते दुसऱ्या प्रश्नावर: किती किलोंचा?

वजन मोजायचंच नाही, असं ठरवलं तेव्हा

१४ सप्टेंबर १९७४. लॉस एंजेलिसमध्ये पीकेए नावाच्या संघटनेने व्यावसायिक कराटेची जागतिक स्पर्धा भरवली. अमेरिकेत पुढे ज्याला फुल-कॉन्टॅक्ट आणि मग किकबॉक्सिंग म्हटलं गेलं, त्याची मुळं इथे आहेत. चार वजनगट होते आणि चार विजेते झाले. हेवीवेटमध्ये जो लुईस, लाइट हेवीवेटमध्ये जेफ स्मिथ, मिडलवेटमध्ये बिल वॉलेस आणि लाइटवेटमध्ये मेक्सिकोचा इसायास दुएन्यास. या प्रकारात लाथ फक्त कमरेच्या वर मारायची परवानगी होती, आणि पुढे तर प्रत्येक फेरीत किमान आठ लाथा मारायची सक्ती आली, कारण लोक नुसतं बॉक्सिंग करत सुटले होते.

कमरेच्या वर, हे लक्षात ठेवा. १९८८ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेचा रिक रूफस आणि थायलंडचा चांगपुएक यांची लढत झाली. रूफसने पहिल्याच फेरीत त्याचा जबडा मोडला. चांगपुएकने मग शांतपणे मांडीवर लाथा मारायला सुरुवात केली. एक, दोन, दहा, वीस. चौथ्या फेरीपर्यंत रूफस पायावर उभा राहू शकत नव्हता, लढत थांबवावी लागली. अमेरिकेतल्या अनेकांचे डोळे त्या रात्री उघडले.

ही लढत आठवण्याचं कारण असं की पाच वर्षांनी हाच चांगपुएक जपानमध्ये एका वेगळ्याच प्रयोगात दिसतो. सेइदोकाइकान कराटेचे कझुयोशी इशी यांनी ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोत पहिली के-वन ग्रां प्री भरवली. आठ जण, एकच रात्र, हरला तो बाहेर. आणि अंगावर किती किलो आहेत ते विचारायचं नाही. चांगपुएक इतरांच्या मानाने बराच हलका होता. त्याच्यासमोर आला क्रोएशियाचा ब्रांको त्सिकातिच. चांगपुएक गेला. त्याच रात्री त्सिकातिचने जपानच्या साताकेला आणि अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या अर्नेस्टो होस्तला झोपवलं. वय ३८.

लोकांना हे प्रचंड आवडलं, आणि मला विचाराल तर आवडणारच होतं. गावच्या जत्रेतल्या कुस्तीत सगळ्यात शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती बघायला माणसं का थांबतात? 'सगळ्यांत भारी कोण' हा प्रश्न वजनगटांच्या तक्त्यापेक्षा जुना आहे. १.८० मीटर उंचीचा स्वित्झर्लंडचा अँडी हूग १९९६ मध्ये आपल्याहून धिप्पाड लोकांना हरवून के-वन जिंकला, तेव्हा तर त्या प्रयोगाला नैतिक बळच मिळालं. बघा, कौशल्य असेल तर आकार लागत नाही!

मग आला २००२ चा बॉब सॅप. अमेरिकन फुटबॉलमधून आलेला, सुमारे १७० किलोंचा माणूस. समोर अर्नेस्टो होस्त, तोवर तीन वेळा के-वन जिंकलेला, या खेळातल्या सर्वांत सुबक तंत्रांपैकी एक ज्याच्याकडे होतं असा. 'मिस्टर परफेक्ट' हे त्याचं टोपणनाव. वजन सॅपपेक्षा साठेक किलोंनी कमी. सॅपने त्याला ऑक्टोबरमध्ये हरवलं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. सॅपकडे तंत्र जवळजवळ नव्हतंच. तो चालत पुढे यायचा आणि मारत सुटायचा. होस्तच्या लाथा बरोबर जागी बसत होत्या, पण त्या माणसाच्या अंगावर विरून जात होत्या.

गंमत पुढे आहे. डिसेंबरची लढत ग्रां प्रीची उपांत्यपूर्व फेरी होती. जिंकलेल्या सॅपचा हात दुखावला, तो पुढे खेळू शकला नाही. नियमाप्रमाणे हरलेला होस्त परत आत आला, दोन लढती जिंकला, अंतिम फेरीत झेरोम ले बॅनरचा हात लाथांनी मोडला आणि चौथ्यांदा विजेता झाला. इतिहासात नोंद काय? २००२ चा विजेता, अर्नेस्टो होस्त. नोंद खरीच आहे. पण त्या वर्षी होस्तला दोनदा पाडणारा माणूस नोंदीत नाही.

नंतरची वर्षं सेमी शिल्टची. २.१२ मीटर उंच. २००५, २००६, २००७ आणि मग २००९. त्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पोटात असायचा आणि समोरच्याचा हात हवेत. शेवटी २००७ मध्ये खुद्द के-वनने मोठ्या माणसांचेही दोन भाग केले. १०० किलोंपर्यंत एक पट्टा, तो बद्र हारीला मिळाला, आणि १०० च्या वर दुसरा, तो अर्थातच शिल्टला. ज्यांनी 'वजन विचारू नका' म्हणून दुकान थाटलं, त्यांनाच चौदा वर्षांनी काटा आणावा लागला.

हलक्या माणसांसाठी के-वनने २००२ मध्येच वेगळी सोय केली होती: के-वन वर्ल्ड मॅक्स, ७० किलो. बुआकाव, मासातो, अँडी साउवर, पेट्रोसियन ही नावं तिथली. खरं सांगायचं तर माझ्या मते किकबॉक्सिंगचा सर्वांत देखणा काळ तो ७० किलोंचाच. पण ते पुन्हा कधीतरी.

'फेदरवेट' म्हणजे नेमके किती?

आता तक्ता. घाबरू नका, थोडकाच आहे. ग्लोरीत पुरुषांसाठी ६५, ७०, ७७, ८५, ९५ आणि ९५ च्या वर, असे सहा वजनगट. जपानच्या आजच्या के-वनमध्ये पायऱ्या खूप जवळजवळ आहेत: ५५, ५७.५, ६०, ६२.५, असं अडीच-अडीच किलोंनी वर जातं. वन चॅम्पियनशिपमध्ये आकडे पौंडांवरून आलेले असल्याने विचित्र दिसतात: ५६.७, ६१.२, ६५.८, ७०.३, ७७.१ आणि पुढे.

घोळ नावांमुळे होतो. फेदरवेट हा एकच शब्द घ्या. जपानच्या के-वनमध्ये फेदरवेट म्हणजे ५७.५ किलो. ग्लोरीत ६५. वनमध्ये ७०.३. एकाच शब्दात जवळपास तेरा किलोंचा फरक! म्हणून बातमीत नुसतं 'फेदरवेट चॅम्पियन' दिसलं की मी आधी किलो शोधतो.

वनचे आकडे एवढे वर का सरकले, याला कारण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात त्यांच्या स्पर्धेआधी यांग जियान बिंग हा चिनी खेळाडू वजन उतरवताना कोसळला आणि गेला. वय २१. तो मिश्र मार्शल आर्ट्सचा खेळाडू होता, किकबॉक्सर नव्हे, पण वजन उतरवायची पद्धत दोन्हीकडे तीच.

ती पद्धत सांगतो, कारण हे समजल्याशिवाय पट्ट्यांचं गणित कळत नाही. बहुतेक ठिकाणी वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. समजा तुमचं रोजचं वजन ६६ आहे आणि लढत ६० किलोंत. काही आठवडे आहार कमी करून तीनेक किलो उतरतात, उरलेले पाण्याचे. शेवटच्या दिवसांत मीठ बंद. भात-पोळी बंद, कारण स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ग्लायकोजेन संपलं की तेही जातं. मग गरम पाण्याचा टब, सॉना, अंगात दोन-तीन जाड जॅकेटं. शेवटी बाटलीत थुंकणं. मी हौशी स्पर्धांत ६३.५ किलोंच्या गटात खेळायचो तेव्हा, फक्त दीड किलो उतरवायला, रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या मारल्यात. जीभ टाळूला चिकटते आणि कुणी पाण्याचा नळ उघडला तरी राग येतो. व्यावसायिक लोक याच्या तिप्पट-चौपट करतात.

काट्यावर ६० भरलं की चोवीस-तीस तास मिळतात. क्षारयुक्त पाणी, भात, फळं, हळूहळू. रिंगमध्ये माणूस येतो तो ६५ चा. समोरचाही तसाच. म्हणजे '६० किलोंचा पट्टा' हा आदल्या दिवशी दहा मिनिटांपुरत्या साठ किलोंच्या असलेल्या माणसांचा पट्टा असतो. यात जो जास्त पाणी काढून जास्त परत भरू शकतो, तो दुसऱ्या दिवशी मोठा असतो. आणि जो भरू शकत नाही, तो कोरड्या शरीराने डोक्यावर मार खातो. डॉक्टरांना खरी धास्ती त्याची असते.

आपल्याला ऑगस्ट २०२४ आठवत असेलच. पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोंत १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम फेरी गेली. कुस्तीत वजन त्याच सकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यामुळे पाणी काढून परत भरायला वेळच मिळत नाही. किकबॉक्सिंगच्या आदल्या दिवसाच्या काट्याने तो वेळ मिळतो, आणि त्या वेळेनेच हा जुगार फोफावतो.

यांगच्या मृत्यूनंतर वनने नियम बदलले. खेळाडूंना जवळपास एक गट वर सरकवलं, वजन आठवडाभरात अनेकदा घ्यायचं ठरवलं आणि जोडीला लघवीची तपासणी ठेवली. लघवीची घनता पाण्याच्या तुलनेत १.०२५ पेक्षा जास्त आली तर शरीर कोरडं आहे असं धरायचं आणि वजन बरोबर असलं तरी तो नापास. ही व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. खेळाडू तिच्यातूनही वाटा काढतातच. पण निदान प्रश्न बरोबर विचारला गेला.

दोन पट्टे, तीन पट्टे

आता मुद्द्यावर येतो. एकाहून जास्त वजनगटांत जिंकणं म्हणजे काय?

आपल्याकडचं उदाहरण चटकन आठवतं. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेटला, ५२ किलोंत खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते बँटमवेटला, ५७ किलोंत उतरले आणि कांस्यपदक घेऊन गोळेश्वरला आले. पाच किलो वर. वर गेल्यावर समोरचे मल्ल जन्मतःच थोडे रुंद हाडाचे असतात, पकडीला जड असतात. किकबॉक्सिंगमध्ये तर वर गेलं की दोन गोष्टी बदलतात: तुमचा ठोसा तेवढ्यालाच तेवढं दुखवत नाही आणि समोरच्याची लाथ हातावर अडवली तरी हात बधिर होतो.

ब्राझीलचा अलेक्स पेरेरा ऑक्टोबर २०१७ मध्ये सायमन मार्कसला हरवून ग्लोरीचा ८५ किलोंचा विजेता झाला. तो पट्टा हातात ठेवून सप्टेंबर २०१९ मध्ये मायामीला त्याने ९५ किलोंत डोनेगी अबेनाला तिसऱ्या फेरीत झोपवलं. तो पट्टा इंटरिम, म्हणजे मूळ विजेता उपलब्ध नसताना दिलेला तात्पुरता होता. तरी ग्लोरीत एकाच वेळी दोन वजनगटांचे पट्टे कुणाकडे असण्याची ही पहिलीच वेळ. दहा किलोंची उडी! पण त्याची शरीरयष्टी बघा. उंची १.९३ मीटर. तो ८५ त बसत होता हेच खरं आश्चर्य होतं, ९५ त तर त्याला थोडं जेवायला मिळत असणार. जानेवारी २०२१ मध्ये तो ९५ किलोंचा पट्टा आर्तेम वाखितोवकडे गुणांवर हरला आणि किकबॉक्सिंग सोडून मिश्र मार्शल आर्ट्सकडे वळला. तिथे यूएफसीत पुन्हा तेच: नोव्हेंबर २०२२ मध्ये ८४ किलोंचा पट्टा, नोव्हेंबर २०२३ मध्ये ९३ किलोंचा. पहिला पट्टा ज्याच्याकडून घेतला त्या इस्राएल अदेसान्याला त्याने किकबॉक्सिंगमध्येही दोनदा हरवलेलं होतं.

याच्या उलट टोकाला जपानचा ताकेरू सेगावा. के-वनमध्ये २०१५ ला ५५ किलो, २०१६ ला ५७.५, २०१८ ला ६०. तीन वजनगटांचा विजेता. आता किलो मोजा. तीन पट्टे मिळून पाच किलोंचा पल्ला. पेरेराच्या दोन पट्ट्यांमध्येच दहा किलो. टक्क्यांत धरलं तरी ताकेरूचे नऊ आणि पेरेराचे जवळपास बारा. मग ताकेरूचं यश छोटं का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण आकड्यांत दिसत नाही. ताकेरूने ती तिन्ही पदं एका दिवसाच्या स्पर्धेत जिंकली. सकाळपासून रात्रीपर्यंत तीन लढती. आदल्या दिवशी पाणी काढलेलं शरीर, पहिल्या लढतीत मांडीवर बसलेल्या लाथा, मग बर्फ लावून दुसरी, मग तिसरी. ५५ किलोंचा माणूस ६० त गेल्यावर एका मोठ्या माणसाशी नाही, एकापाठोपाठ तीन मोठ्या माणसांशी लढतो. पायऱ्या जवळ आहेत म्हणून चढ सोपा होत नाही. पायऱ्या जवळ असल्याने पट्टे जास्त दिसतात, एवढंच.

रिको व्हेरहूवनला हा खेळच खेळता येत नाही. २०१४ मध्ये तो ग्लोरीचा हेवीवेट विजेता झाला आणि त्याने तो पट्टा दहा वर्षांहून जास्त काळ राखला. ९५ च्या वर आणखी गट नाही. वर जायला जागा नाही, खाली उतरायला शरीर नाही. त्याच्या नावापुढे 'दोन वजनगटांचा विजेता' कधी लागणार नव्हतं. जॉर्जिओ पेट्रोसियननेही आयुष्याचा मोठा भाग ७० किलोंतच काढला: २००९ आणि २०१० ला के-वन मॅक्स, २०१२ ला ग्लोरीची स्पर्धा, २०१९ ला वनची दहा लाख डॉलरची ग्रां प्री. एकाच गटात दहा वर्षं सगळ्यांना उत्तर देत राहणं मला दोन पट्ट्यांपेक्षा कमी वाटत नाही. पोस्टरवर मात्र 'डबल चॅम्पियन' जास्त छान दिसतं.

बायकांचं काय? ग्लोरीत बराच काळ त्यांच्यासाठी ५५ किलोंचा एकच गट होता. फ्रान्सची अनिसा मेकसेन तिथली विजेती. तिने कितीही ठरवलं तरी तिथे दुसरा पट्टा नव्हताच. ती वनमध्ये गेली, तिथे गट ५२.२ किलोंचा, आणि डिसेंबर २०२३ मध्ये थायलंडच्या फेतजीजाकडून इंटरिम पट्ट्याची लढत हरली. स्त्री-पुरुषांच्या पट्ट्यांची संख्या शेजारी मांडणाऱ्यांनी आधी गटांची संख्या मोजावी.

५८ आणि ६२

वजन हा वाटाघाटीचा विषय कसा होतो ते बघायचं तर १९ जून २०२२ ची टोकियो डोममधली लढत बघा. एका बाजूला के-वनचा ताकेरू, दुसऱ्या बाजूला राइजचा तेनशिन नासुकावा. दोघेही जपानचे लाडके, दोघांच्या संघटना वेगळ्या, त्यामुळे कित्येक वर्षं ही लढत होतच नव्हती. ताकेरू तेव्हा ६० किलोंत लढत होता, तेनशिन हाडापेराने लहान. शेवटी मधला आकडा ठरला: आदल्या दिवशी ५८ किलो. आणि दुसरी अट, लढतीच्या दिवशी पुन्हा काटा, तिथे ६२ च्या वर जायचं नाही.

ही दुसरी अट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. ताकेरूला आदल्या दिवशी नेहमीपेक्षा दोन किलो खाली यायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी हवं तेवढं परत भरायचीही मुभा नव्हती. ५६,३९९ प्रेक्षकांसमोर तेनशिनने पहिल्या फेरीत डाव्या हुकने त्याला खाली बसवलं आणि तिन्ही फेऱ्यांनंतर पाचही पंचांनी तेनशिनला कौल दिला. वजनामुळे ताकेरू हरला, असं म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. तेनशिनचा वेग ६० किलोंतही तोच राहिला असता. पण चार वर्षं मागे जा. ३१ डिसेंबर २०१८ ला हाच तेनशिन फ्लॉइड मेवेदरसमोर बॉक्सिंगच्या नियमांत प्रदर्शनी लढतीला उभा राहिला, तेनशिन ६२.१ किलो, मेवेदर ६६.७. पहिल्याच फेरीत तीनदा खाली. मेवेदर मेवेदर आहे, मान्य. पण लहान माणसाच्या बाजूने कुणी कागदावर ६२ लिहून घेतलेलं नसलं की काय होतं, तेही तिथे दिसलं.

त्यानंतर तेनशिन बॉक्सिंगला गेला आणि ताकेरू वनमध्ये. म्हणजे ५५ पासून सुरू झालेला माणूस आता ६१.२ किलोंत, तेही लघवीच्या तपासणीसह. इथे पाणी काढून लहान होता येत नाही. खरोखर त्या आकाराच्या माणसांशी लढायचं. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोत किकबॉक्सिंगच्या पट्ट्यासाठी त्याच्यासमोर थायलंडचा सुपरलेक आला. पाच फेऱ्या सुपरलेकने त्याची मांडी कुटली. ताकेरू शेवटपर्यंत उभा राहिला आणि गुणांवर हरला.

आणि मार्च २०२५ मध्ये समोर आला रोडटांग, ज्याच्याशी लढायचं म्हणून ताकेरू मुळात तिथे गेला होता. या रोडटांगची गोष्ट वजनाच्या विषयात सांगायलाच हवी. तो वनचा ६१.२ किलोंचा मुआय थायचा विजेता होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये काट्यावर तो अर्धा पौंड जास्त भरला. सव्वादोनशे ग्रॅम, पेलाभर पाणी म्हणा ना. पट्टा काट्यावरच गेला. लढत त्याने जिंकली, पण पट्टा परत मिळाला नाही, कारण नियमाप्रमाणे तो मिळणारच नव्हता. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी सायतामात तो ताकेरूसमोर उभा राहिला, पट्टा नसलेला माणूस तीन वजनगटांच्या माजी विजेत्यासमोर. ऐंशी सेकंदांत संपलं. ताकेरू खाली होता.

रोडटांगच्या कमरेला त्या रात्री काही नव्हतं. त्या निरोपवाल्या श्रोत्याला मी हीच लढत आधी बघायला सांगितली आहे, आणि बघताना कोपऱ्यातला किलोंचा आकडा वाचायला.

आज इथे थांबतो. पुढच्या भागात क्लिंच: पकडून गुडघा मारायला के-वन का कुरकुरतं आणि थायलंडमध्ये त्यालाच गुण का मिळतात. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे पाठवा. भेटू.